राष्ट्रीय पासवर्डाची राखीव अट

आमच्या देशात सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे, आणि तो बसस्टँडवरच्या फळ्यावर लिहिलेला असतो. दर पाडव्याला संसद तो बदलते. ज्यांना फळा दिसत नाही त्यांच्यासाठी भोंगा लावलेली रिक्षा फिरते. त्यामुळे कुणाचीही मेल कुणीही उघडतं, आणि एवढी सोय असून न उघडणाऱ्याला लोक माणूसघाणा म्हणतात.

यंदा सरकारने आंतरराष्ट्रीय सायबर गुन्हेगारी करारात सामील व्हायचं ठरवलं. करारानुसार दुसऱ्याच्या खात्यात शिरणं हा गुन्हा. म्हणजे सही झाली की अख्खा देश तुरुंगात, आणि कुलूप लावायला बाहेर माणूस नाही. मात्र सामील होताना ‘हे कलम आम्हांला लागू नाही’ अशा राखीव अटी जोडता येतात. त्या लिहायचं काम परराष्ट्र खात्यातल्या हेमांगी उकिडवेकडे आलं.

हेमांगीची मेल तिचे वडील बघत. अण्णा निवृत्त पोस्टमास्तर. सकाळच्या चहाबरोबर ते तिची मेल वाचत आणि तिचा वेळ वाचावा म्हणून उत्तरंही देऊन टाकत. गेल्या वर्षी तिची युरोपातल्या वकिलातीत नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी तिच्या नावाने कळवलं, ‘तिथली थंडी मला सोसणार नाही.’ हेमांगीला हे शेजारच्या दमयंतीकाकूंकडून कळलं. ती फार दुखावली. तेव्हापासून तिला एकच हवं होतं: आपल्या नावाने आलेली एक तरी मेल आपण सगळ्यांआधी उघडायची.

तिने पहिली अट लिहिली: ‘आमच्या देशात परवानगी घेऊन दुसऱ्याचं खातं उघडणं हा गुन्हा नाही.’ मसुदा गोपनीय होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांचा वाचून झाला. दूधवाले सावळाराम दारातच म्हणाले, “मॅडम, ‘परवानगी घेऊन’ हे शब्द काढा. परवानगी मागायची म्हणजे परकेपणा झाला.” तिने ते काढले.

कराराच्या कार्यालयातून फोन आला.

“तुमच्या देशात खासगी असं काही नसतंच का?” तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं.

“असतं ना,” हेमांगी म्हणाली. “पण ते सगळ्यांना माहीत असतं.”

“बरं. चोवीस तास उपलब्ध असणारा एक संपर्क अधिकारी नेमावा लागेल.”

“कशाला? कुणालाही मेल करा. कुणीतरी जागं असतंच.”

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, पहिली अट पक्की झाल्यावर, हेमांगीने खाली आणखी एक लिहिली: ‘वरील सवलत हेमांगी उकिडवे यांच्या खात्याला लागू नाही. ते उघडणं हा गुन्हाच समजावा.’ मसुदा मेलमध्ये तसाच ठेवून ती जेवायला गेली. आपली छाती होते का, हे तिला संध्याकाळपर्यंत बघायचं होतं. परत आली तर मसुदा जागेवर नव्हता. तो रवाना झाला होता.

घरी आल्याआल्या तिने विचारलं, “अण्णा, तुम्ही पाठवलात?”

“हो. तारीख घालायची राहिली होती तुझी.”

“दुसरी अट वाचलीत?”

“वाचूनच पाठवली,” अण्णा म्हणाले आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेले.

करार लागू झाला. हेमांगीला स्वतःचा पासवर्ड ठरवावा लागला. देशात कुणालाच अनुभव नसल्यामुळे सल्ला मिळाला नाही. दमयंतीकाकू जिन्यात भेटल्या की तिचा हात हातात घेत आणि म्हणत, “तुझं काय चाललंय, काही कळत नाही गं,” आणि घरी जाऊन आजाऱ्याला देतात तसा मऊ भात पाठवत. अण्णा सकाळी चहा पीत, पण चष्मा लावत नसत. चहा लवकर संपे. मग ते बसून राहत. हेमांगीला त्यांच्याकडे बघवत नसे, आणि आपण जिंकलो याचा आनंदही लपवता येत नसे.

एका रविवारी तिच्या खात्यात एक मेल ठळक काळ्या अक्षरांत दिसली. आमच्याकडे मेल उघडलेलीच मिळते, आणि करार लागू झाल्यापासून तिला कुणी मेलच केली नव्हती, त्यामुळे ही अक्षरं तिने कधी पाहिली नव्हती. तिला वाटलं, कॉम्प्युटर बिघडला. तिने घाबरतच बोट ठेवलं. मेल आतल्या खोलीतून आली होती.

‘चि. हेमांगीस अनेक आशीर्वाद. तू कशी आहेस? हल्ली विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून विचारतो. उत्तराची घाई नाही.’

हेमांगी उत्तर लिहायला बसली. दुपारपर्यंत तिचं ‘तीर्थरूप अण्णांस’ एवढंच लिहून झालं होतं.