दोन खाचांची काठी

एका लग्नात आमच्या शेतावरच्या जुन्या गड्यानं, लिंबाजीमामानं, नवरानवरीच्या मध्ये काठी आडवी धरली आणि भटजींना थांबवलं. म्हणे, ‘‘लई जवळ बसले. सरकवा जरा.’’ बाभळीची लांब काठी, तिला दोन खाचा, आणि ती कायम मामाच्या खांद्यावर. बाज टाकायची असो की खुंटा ठोकायचा, आधी मोजणार. नजरेनं कळत नाही का म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘‘अंदाजानं फकस्त पाऊस येतो, छोटे मालक!’’

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. आमच्या काकांनी बाळापूरच्या रानात लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर आणला. मामाची बैलजोडी त्याच साली बुळकांडीच्या साथीत आठवड्याभरात मेली होती, म्हणून काकांनी त्यालाच ट्रॅक्टरवर बसवलं. मामानं मागच्या चाकांना बैलांचीच नावं दिली. उजवं चांद्या, डावं माणक्या.

पण नांगरट बिघडली. दर फेरीला मध्ये वीतभर जमीन तशीच राहायची. काका भडकले. ‘‘हे नांगरणं हाय का भांग पाडणं? उद्या दुपारपर्यंत नीट झालं न्हाई तर नांदेडचा ड्रायव्हर आणतो. तुमी घरी बसा.’’

ट्रॅक्टरसोबत आलेलं पुस्तक मी वाचलं. उजवं चाक मागच्या तासात, म्हणजे आधीच्या फेरीला नांगरानं पाडलेल्या चरात चालतं; चाकं फार फाकलेली असली की नांगर तासापासून लांब पडतो आणि मध्ये पट्टी राहते. दोन्ही चाकं आत घ्यायला हवी होती. मामा ऐकेना.

‘‘माझ्या काठीनं लावलीत. काठी बराबर हाय, पुस्तक चुकलं असंल.’’

दुसऱ्या दिवशी ऊन चढू लागलं तरी तो हटून बसलेला. माझं डोकं फिरलं. ‘‘मामा, बारा वाजता काका येतील! मग चांद्या-माणक्याला नांदेडचा माणूस हाकील.’’

त्यानं काठी बांधावर ठेवली, पाना घेतला. जॅक लावून डावी बाजू उचलली, नट सैल केले आणि चाकाआड हात घातला. तेवढ्यात जॅकखालचा ठोकळा काळ्या मातीत खचू लागला. ट्रॅक्टर कलला. मी किंचाळलो.

‘‘वरडू नगा,’’ मामा हळूच म्हणाला. ‘‘हो... माणक्या, हो हो...’’

धूड क्षणभर थबकलं. मामानं हात ओढला आणि चाक दणकन खाली बसलं. बाहीचा तुकडा त्याच्याखालीच राहिला. मामा लगेच फळी शोधू लागला. फळीवर जॅक ठेवून त्यानं दोन्ही चाकं आत घेतली, या खेपेला पुस्तकाच्या मापानं, आणि नांगराच्या दोन-चार फेऱ्या मारल्या.

बाराला काका आले. नव्या तासांवरून आडवे चालले, टाचेनं माती उकरून पाहिली. पट्टी कुठंच नव्हती. ‘‘बराबर,’’ म्हणाले आणि गेले.

मामानं विळ्यानं काठीवर तिसरी खाच पाडली.

‘‘आता जुनी तासून टाका,’’ मी म्हणालो. ‘‘ती चुकीची आहे.’’

‘‘चुकीची काहून? पेरणीच्या जुवाचं माप हाय त्ये, माझ्या जोडीचं.’’ त्यानं काठी जवळ ओढली. ‘‘दोघाला पुरलं तवाबी याच काठीनं मोजलं. चांद्या इकडं, माणक्या तिकडं. सवय असती ना जोडीला. लांब पडले तर करमायचं न्हाई त्यांला.’’

मामाच्या घरी दुसरं माणूस नव्हतं. तुम्हाला करमतं का, असं विचारायचा मला धीर झाला नाही. तो काठी उचलून निघाला, तेव्हा मी तिचं मागचं टोक माझ्या खांद्यावर घेतलं.