खंड्या लोणंदला निघतो

आमच्या गल्लीतली बाकीची कुत्री दगडाला भ्यायची. आण्णांचा खंड्या घंटीवर चालायचा. टण असं एकदा वाजलं की आहे तिथं बसणार, टण टण झालं की उठून चालायला लागणार. पुढ्यात मटणाचं हाड टाकलेलं असलं तरी यात बदल नाही.

आण्णा एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. सांगलीतल्या आमच्या गल्लीत माझी आणि त्यांची भिंत एक. नोकरी संपल्यावर या गृहस्थांनी जुन्या बाजारातून गाडीची घंटी पैदा केली, पुढच्या सोप्यात टांगली आणि तिची दोरी थेट स्वयंपाकघरापर्यंत ओढली. आपण दारात गेलो की आतून आवाज यायचा, "दारात हुबं ऱ्हाऊ नका, पुढं सरका!" चहा होऊन गप्पा रंगल्या आणि आण्णांना डुलकी यायला लागली की दोरी दोनदा ओढली जायची. मग आपण मुकाट्यानं चपला शोधायच्या. ड्यूटीवरून घरी येताना हा माणूस स्वतःच्या दाराची कडीसुद्धा दोनदाच वाजवायचा, ना एक कमी ना एक जास्त.

मी हळदीच्या पेढीवर दिवाणजी, म्हणून मला ते दिवाणजीच म्हणायचे. बाकी सगळं जग त्यांच्या लेखी 'पाशिंजर'. खंड्यासुद्धा.

"नियम म्हंजे नियम, दिवाणजी," हे दिवसातून दहा वेळा. तीस वर्षांत त्यांच्या गाडीत जनावर चढलं नाही. एकदा कराडला एक म्हातारी टोपलीत कोंबडी झाकून चढली. आण्णांनी टोपली उघडली, तर कोंबडीनं तेवढ्यात अंडं घातलेलं. आण्णा म्हणाले, "आज्जी, अंडं बसू दे. कोंबडी खाली." म्हातारीनं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि कोंबडीबरोबर स्वतःही उतरली. ही गोष्ट ते फार अभिमानानं सांगायचे. मला ती म्हातारीच बरोबर वाटायची, पण बोलायची सोय नव्हती.

असाच नियम त्यांनी स्वतःच्या पोरीला लावला आणि तिथं सगळं फिसकटलं.

सुमी त्यांची एकुलती एक. वहिनी गेल्यावर बापलेकच राहिले होते. खंड्याही तिनंच आणलेला, शाळेच्या दप्तरातून, उंदराएवढा असताना. तिनं लग्न ठरवलं स्वतःच्या मनानं, लोणंदच्या एका फिटर पोराशी. पोरगा गुणाचा, पण जात निराळी. आण्णा म्हणाले, "ह्या घरात परत पाऊल टाकायचं न्हाई. नियम म्हंजे नियम." पोरगी बापाचीच. गेली ती गेली. दोन वर्षं झाली. खंड्या रोज संध्याकाळी दारात बसून रस्ता बघायचा आणि आण्णा त्याच्यावर खेकसायचे, "कुणी न्हाई येत, पाशिंजर, आत चल." खेकसून झालं की स्वतःही थोडा वेळ तिथंच उभे राहायचे.

मग एक दिवस पोस्टकार्ड आलं. कार्ड म्हणजे गल्लीचा पेपर. आण्णांच्या हातात पडेपर्यंत चार घरांनी वाचलं होतं. तीनच ओळी. 'मुलगी झाली. दोघी सुखरूप आहोत. खंड्याला फार बघावंसं वाटतं.' आण्णा कसे आहात, काही नाही.

आमची ही घरात येऊन डोळ्याला पदर लावून बसली. "पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं पोरीचं. आणि हा कर्मदरिद्री माणूस घंटी वाजवत बसलाय."

दुसऱ्या दिवशी आण्णा माझ्याकडे आले. चेहरा एकदम कामाचा.

"दिवाणजी, खंड्याला लोणंदला न्यावं लागतंय."

"खंड्याला?"

"तिनं त्याला बोलावलंय. आपल्याला कुठं बोलावलंय? पन मुकं जनावर, एकटं कसं जाणार. सोबत म्हणून मी जाईन आन दारात सोडून परत."

मी म्हणालो, "कोपऱ्यावर एसटीडी बूथ झालाय. आधी एक फोन तरी करा की."

"फोनवर खंड्या काय बोलणार?" आण्णा म्हणाले, आणि विषय संपला.

जायचं कसं, हा पेच. मी म्हटलं, डेपोत सगळी तुमचीच माणसं, कोण अडवणार? तर भडकलेच. "तीस वरसं लोकांच्या कोंबड्या उतरवल्या आन आता माझं कुत्रं चढवू? त्या म्हातारीला काय तोंड दाखवू?" ती म्हातारी एव्हाना वर पोचली असणार, पण नियम म्हणजे नियम.

शेवटी बाबू टेंपोवाला सापडला. तो लोणंदच्या बाजारातून कांदा आणायला जायचा आणि जाताना टेंपो रिकामा असायचा. आण्णांनी होकार दिला, पण एका अटीवर. टेंपोत घंटी पाहिजे. सोप्यातली घंटी उतरवून टेंपोत बांधली गेली. बाबू मला बाजूला घेऊन म्हणाला, "आवं, म्हातारा लय घोळ घालतोय. माझ्याच टेंपोत मला इचारून गाडी हाणायला लागणार." मी म्हटलं, घालू दे बाबा, आयुष्यात एकदा.

मग वेळापत्रक तयार झालं. कराडला खंड्याची लघुशंका, दहा मिनिटं. साताऱ्याला भाकरी आणि विश्रांती. वाठारला पुन्हा पाणी. रंगीत तालीमही झाली. अंगणात पाट मांडून मी आणि ही प्रवासी, बाबू ड्रायव्हर, खंड्या पाटाशेजारी. "कराड, कराड! उतरणारं पुढं या!" मला उठायला उशीर झाला म्हणून मी बोलणीही खाल्ली. खंड्या मात्र पहिल्या झटक्यात पास.

सामानाची यादी तर बघत राहावी अशी. भाकऱ्या दहा. दुधाची बरणी. जर्मनचं ताट. साखळी, जादा साखळी. डिंकाचे लाडू, डबा एक.

"आण्णा, कुत्र्याला डिंकाचे लाडू?"

"वय झालंय त्याचं. कंबर धरती." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. लाडू वळायचं काम हिच्याकडे आलं होतं. तिनं एका शब्दानं विचारलं नाही, उलट मूठभर खारीक जास्त घातली.

एवढी तयारी, पण निघायचं तेवढं जमेना. पहिल्या खेपेला आण्णांचा गुडघा दुखला. दुसऱ्या खेपेला खंड्या शिंकला. तिसऱ्या खेपेला अमावस्या निघाली. बाबू वैतागला. "बुधवारी शेवटचं. न्हाईतर घंटी काढून ठेवतो." मलाही धास्ती वाटली. या खेपेला राहिलं तर हा माणूस कधीच जाणार नाही, आणि पोरीनंही दुसरं कार्ड टाकलं नसतं.

मंगळवारी दुपारी आण्णांनी मला वळकटी बांधायला बोलावलं. यादीत लिहिलं होतं, 'खंड्याच्या वाकळा तीन.' आठ दिवसांपूर्वी त्यांनी हिच्याकडून सुई आणि जाड दोरा नेला होता, तो त्यासाठीच. पहिली वाकळ मोठी, दुसरी जरा लहान. तिसरी मी उलगडली, तर हातभर. मऊसूत, जांभळी, आणि कडेनं खाकी पट्टी. जांभळं इरकल मी ओळखलं. वहिनी सणासुदीला तेच नेसायच्या. आणि खाकी कशाची, हे विचारायला नको होतं. टाके वाकडेतिकडे होते, पण सगळे बारीक, कुठं गाठ टोचू नये असे.

खंड्या शेजारीच पसरला होता, वासराएवढा.

"आण्णा," मी म्हणालो, "ह्यात खंड्याचा एक पाय मावणार नाही हो."

ते कितीतरी वेळ दोरीची गाठ मारत राहिले. मग म्हणाले, "दारातनं हाकललं तर काय करायचं, दिवाणजी? मी हाकललं तवा ती गपगुमान उतरली. मला तसं उतरता येईल का?"

मी ती वाकळ होती तशी घडी घालून मधोमध ठेवली.

बुधवारी सकाळी सगळी गल्ली दारात. सामान चढलं. खंड्या खाली, आण्णा खाली. बाबूनं गाडी चालू केली. आणि आण्णा टेंपोच्या मागच्या फळीपाशी खिळल्यासारखे उभे. "दिवाणजी, आज नको. छातीत कसंतरीच होतंय. फुडल्या आठवड्यात बघू." बाबूनं कपाळावर हात मारला. हिनं माझ्याकडे असं बघितलं की आता तुम्ही काही केलं नाहीत तर दुपारचं जेवण विसरा.

मी हात वर घालून दोरी ओढली. टण टण.

खंड्यानं टुणकन उडी मारली आणि आत. आणि आण्णा? त्यांचा हात आपोआप दांडीला गेला, पाय फळीवर पडला आणि पुढच्या क्षणाला ते वर होते. डबल बेल झाल्यावर खाली राहायची सवयच नव्हती त्या अंगाला. आपण चढलो हे त्यांना चढल्यावर कळलं. बाबूही वस्ताद, त्यानं गाडी सोडलीच. गल्लीच्या तोंडाशी आण्णांचा आवाज ऐकू आला, "पाशिंजर, पुढं सरक!" खंड्याला म्हणाले असावेत.

गुरुवारी बाबू कांदा घेऊन आला. आण्णा नाहीत, घंटी नाही, खंड्याही नाही. काय झालं विचारलं तर म्हणाला, "मी त्यास्नी घरापाशी सोडलं आन बाजारात गेलो. फुडचं मला काय ठावं!" आठ दिवस आम्ही दोघं पोस्टमनची वाट बघत होतो. मग कार्ड आलं. अक्षर आण्णांचं, टोकदार.

'दिवाणजी यांसी नमस्कार. खंड्यास इकडचे पाणी मानवले आहे. सबब मुक्काम वाढला आहे. छोटी वाकळ त्यास पुरली नाही, ती दुसऱ्या पाशिंजरास बरोबर झाली. घराकडे लक्ष ठेवणे.'

खाली उरलेल्या जागेत सुमीनं बारीक अक्षरात एक ओळ लिहिली होती. ती मी हिला मोठ्यानं वाचून दाखवणार होतो. तेवढ्यात हिनं कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि वाचलं.

'काका, दाराची कडी दोनदाच वाजली. उघडायच्या आधीच मी बाळाला सांगितलं, तुझे आजोबा आले.'