सोपानरावांचा फिरता दिवा

सोपानराव गाडीसाठी दिवा विकत घ्यायला निघाले की पिशवीत एक नारळ टाकतात. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर लातूरला गेलो तेव्हा दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक भाविक आहे, खरेदीचा मुहूर्त करणार. त्याने कौतुकाने काउंटर पुसून दिला, उदबत्तीसुद्धा पेटवली. सोपानरावांनी दिवा काउंटरवर ठेवला, नारळ शेंडीला धरला आणि होती नव्हती ती ताकद लावून काचेवर हाणला. नारळ फुटला. पाणी दुकानदाराच्या शर्टावर सांडलं. काच निरखत सोपानराव म्हणाले, "हां. ह्याच्यात थोडा दम हाय. दुसरा दाखवा." दुकानदाराने दुसरा काही दाखवला नाही. खोबरं मात्र आम्ही तिघांनी मिळून खाल्लं.

हे सोपानराव चाकूरला आमच्या गल्लीत, आमच्या समोरच्या घरात राहतात. त्यांच्याकडे मागे लोखंडी क्रेन बसवलेली एक दणकट गाडी आहे. लातूर-नांदेड रस्त्यावर ट्रक नालीत गेला, उसाची ट्रॉली कलंडली, लग्नाची जीप चिखलात रुतली, की फोन सोपानरावांना जातो. जळकोटच्या घाटातून आणि पार उमरीपासूनसुद्धा त्यांना बोलावणी येतात. गाडीच्या छतावर पाण्याच्या तांब्याएवढा एक गोल दिवा आहे. हा दिवा गोल फिरतो, वर बघतो, खाली बघतो, आणि हे सगळं हातातल्या रिमोटवर. केबिनमध्ये बसून बटण दाबायचं, की दिवा मान वळवतो.

या दिव्याचा टिकाऊपणा हा सोपानरावांच्या आयुष्याचा एकमेव विषय आहे, असं गल्लीचं मत होतं. माझंही होतं. त्यांना उजेडाचं कौतुक नाही. "उजेड काय, काडीपेटीचा बी पडतो. दम बगा, दम," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. मग हा दम ते सगळ्यातच शोधायला लागले. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून स्टीलची बादली आणली होती. ती त्यांनी भर मांडवात पालथी घातली आणि स्वतः चपला काढून तिच्यावर उभे राहिले. भटजी मंगलाष्टकं म्हणायचे थांबले. "चालू द्या, चालू द्या," सोपानराव वरूनच म्हणाले, "दम हाय." बादली चांगली निघाली. आजही पुतणीच्या न्हाणीत तीच आहे.

नवा दिवा आणला की त्याचे हाल सुरू व्हायचे. आधी एक रात्र हौदात मुक्काम. मग वॉशिंग सेंटरवर त्याच्या तोंडावर पाण्याचा फवारा, आणि शेजारी छत्री उघडून बसलेले सोपानराव. सोयाबीनच्या दिवसांत ते दिवा मळणीयंत्राला तारेने बांधून यायचे आणि दिवसभर तो तिथे थडथडत, भुसा खात राहायचा. संध्याकाळी सोडून आणला की कानाशी धरून हलवायचे, आत काही खुळखुळतंय का बघायला. एकदा त्यांनी दिवा आमच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायला आणला होता. माझी बायको सुनंदा म्हणाली, "भाऊजी, आपल्या चाकुरात बर्फ कधी पडला?" सोपानराव म्हणाले, "वहिनी, पडला तर?" दोन दिवस आमच्या मटारांशेजारी दिवा होता.

दिवे बसवायचं काम नाक्यावरच्या चाँदपाशाकडे असायचं. त्याच्या वडिलांपासून गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. सोपानरावांना बेजार होऊन शिव्या घालणारा आणि त्यांनी बोलावलं की हातातलं काम टाकून जाणारा हा एकच माणूस. मध्यंतरी तो मला म्हणाला, "साहेब, तुमच्या शेजाऱ्याचं काही कळंना गेलंय. दिवा बंद पडला म्हणून आणतेत. म्या खोलून बगतो, तर काच नवी, आतला बल्ब नवा. फिरवायची दात्याची चाकं तेवढी झिजून गुळगुळीत. क्रेनवाले दुसरे बी हायेत, त्यांचे दिवे पाच-पाच वर्सं चालतेत. ह्यांचा वर्सात गेला. ही गाडी काय रोज गरबा खेळती का?"

आता यात चमत्कारिक गोष्ट अशी, की सोपानरावांनी तोवर अंधारातली कामं सोडून दिली होती. दिवेलागणीच्या आत ते घरी असायचे. ज्या गाडीला अंधारात जायचंच नाही, तिच्या दिव्याची चाकं झिजतात कशी? ते कळायला थोडं मागचं सांगायला हवं.

पूर्वी ते एकटे जात नसत. बरोबर त्यांच्या बायकोला, गोदावहिनींना न्यायचे. क्रेनच्या गाडीवर बाई म्हणून लोक सुरुवातीला हसले, मग सवय झाली. ट्रॉली कलंडलेली असली की सोपानराव खाली चिखलात, दोन्ही हात साखळीत गुंतलेले. वहिनी केबिनमध्ये, पदर खोचून, हातात रिमोट. मी एकदा उसाच्या हंगामात हे पाहिलंय. सोपानराव तोंडातून शब्द काढत नव्हते आणि दिवा बरोबर त्यांच्या हातापुढे जात होता. आधी आकड्यावर, मग साखळीवर, मग चाकामागच्या दगडावर. मला वाटलं, काही खुणा ठरल्या असतील. विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "खुना कशाच्या? त्यायला काय लागनार ते दिसतंय की."

मग वहिनींना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नांदेडला दवाखाना झाला, घरी आणलं, व्यायाम झाले, पण जीभ काही परत वळली नाही. सोपानरावांनी दिवा धरायला माणसं ठेवून पाहिली. एकही टिकला नाही. कोणी त्यांच्या डोळ्यात उजेड मारायचा, कोणी आभाळात. "तुला उजेड दाखवाया सांगितलं, आरती ओवाळाया न्हाई," असं म्हणून शेवटच्यालाही त्यांनी भर रस्त्यात उतरवला आणि अंधारातली कामं बंद केली. गल्लीत येणं-जाणंही बंद केलं. सुनंदा आणि गोदावहिनी यांचं आधी इतकं मेतकूट, की एकीची कोथिंबीर संपली की दुसरीच्या भाजीत कमी पडायची. पण आता सुनंदा डबा घेऊन गेली की सोपानराव उंबऱ्यातच डबा घ्यायचे, "झोपली हाय," म्हणायचे आणि दार लावायचे. असं बरेचदा झालं. सुनंदा परत येऊन भांडी आपटायची. तिला राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं, पण भांड्यांना ते कसं कळणार?

आणि अशात तो दिवा सुरू झाला. घरासमोर गाडी उभी, आणि रोज संध्याकाळी छतावरचा दिवा गल्लीभर फिरायचा. कोणाच्या दोरीवरच्या कपड्यांवर, कोणाच्या ताटावर. शिंदेगुरुजींच्या टकलावर तो एकदा इतका वेळ थांबला, की गुरुजी उठून आत गेले आणि टोपी घालून आले. मागच्या घरचा तरुण शर्टाखाली बाटली लपवून येत होता, तर दिवा त्याच्याबरोबर चालत दारापर्यंत गेला. लोकांनी सोपानरावांना हटकलं. ते म्हणाले, "मीच फिरवतो. दम बगून राहिलो." लोक म्हणाले, माणूस बायकोच्या आजारपणाने भ्रमिष्ट झाला. शेवटी मारुतीच्या पारावर बैठक बसली आणि ठरलं, की गाडी नाक्यावर उभी करायला सांगायचं. न ऐकलं तर नगरपंचायतीत तक्रार. सोपानराव बैठकीत एकच वाक्य बोलले, "दुसरं काय बी सांगा, गाडी हलनार न्हाई," आणि उठून गेले. मी पंचायत समितीत कारकून असल्याने मला गोड बोलता येतं, अशी गल्लीची समजूत आहे. म्हणून शेवटचं सांगायला मला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर गेलो. नुकता अंधार पडत होता आणि दिवा फिरायला लागला होता. म्हटलं, आता बरा रंगेहाथ सापडला. दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत शिरलो. सोपानराव स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरीचं पीठ मळत होते. दोन्ही हात मनगटापर्यंत ज्वारीच्या पिठात. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर दिवा फिरतच होता.

"सोपानराव," मी म्हणालो, "दिवा कोण फिरवतंय?"

ते मळायचे तेवढे थांबले. मग मानेनेच चला म्हणाले.

पुढच्या खोलीत खिडकीला लावून खाट होती. उशाला टेकून गोदावहिनी बसल्या होत्या, डाव्या हातात रिमोट. मला पाहताच त्यांना वाकडं झालेलं तोंड पदराने झाकायचं होतं, पण चालता हात एकच. त्यासाठी त्यांनी रिमोट खाली ठेवला. बाहेरचा दिवा जागच्या जागी थांबला. मला इतकं ओशाळं वाटलं, की बैठकीत ठरलेलं सगळं मी विसरून गेलो.

"जबान गेली तिची," सोपानराव म्हणाले. "मान बी धड हलंना. एक दिवस गाडीचं काम करून राहिलो होतो, रिमोट हिच्या हातापाशी राहिला. म्या खिडकीतून इचारलं, च्या घेती का? तर दिवा खालवर झाला. मला वाटलं, वायरिंग गेली. चाँदपाशाला फोन लावनार होतो. पुन्ना इचारलं, च्या घेती का गं? पुन्ना खालवर. मंग म्हनलं, भाकर खाती का? तर असा आडवा फिरला, इकडून तिकडं." पिठाच्या हाताने त्यांनी तो आडवा नकार करून दाखवला. "लई दिवसांनी न्हाई म्हनली हो ती मला. म्या गाडीला टेकून रडलो."

"अहो मग गल्लीत सांगायचं! लोक तुम्हाला वेडा म्हणायला लागले."

"म्हनू द्या. मला म्हनतेत, तिला तर न्हाई ना? मानसं येतेत, बहिऱ्याशी बोलल्यावानी वरडतेत तिच्यापाशी, अन् जाताना माझ्याकडं बगून च्च् च्च् करतेत. तिला सोसंना. म्हनली, दार लाव."

"म्हणाल्या कशा?"

"डोळ्यानं. ते मला कळतंय." मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कंपनी म्हनती दिवा लई टिकतो. टिकतो की, कामापुरता फिरवला तर. ही दिवसभराचं समदं संध्याकाळी बोलती. तीन दिवे खाल्ले बोलून. गल्लीत कोन आलं, कोन न्हाई, समदं बगती. तुमी मोटारसायकल लावून घरात जाईपोतर तुमच्या फाटकावरून दिवा हलत न्हाई. त्या पोराच्या बी मागं लागती, नालीत पडंल म्हनून. गाडी नाक्यावर न्हेली, साहेब, तर हिनं बोलायचं कशानं?"

मी वहिनींकडे पाहिलं. मोठ्याने बोलायचं नाही, एवढं कळलं होतं. मी हळूच म्हणालो, "वहिनी, गाडी कुठं जात नाही. मी बघतो सगळ्यांचं." त्यांनी पदर सोडला, रिमोट उचलला. बाहेर दिवा वर गेला आणि खाली आला.

मी निघालो तेव्हा सोपानरावांनी दारात सांगितलं, "दिवा अंगावर आला तर हात वर करा. मंग तिला बरं वाटतंय. कुनी करीत न्हाई."

घरी आलो. सुनंदा स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होती. "काय म्हणाले? हलवणार का गाडी?" असं ती विचारतेय तोवर खिडकीतून उजेडाचा लोळ आत आला आणि थेट तिच्या तोंडावर थांबला. ती चिडून खिडकी लावायला धावली.

"लावू नको," मी म्हणालो. "हात वर कर."

"कशाला?"

"कर तर."

तिने पिठाचा हात वर केला, कपाळावर आठ्या तशाच ठेवून. दिवा खाली गेला, वर आला. पुन्हा खाली, पुन्हा वर. सुनंदा बघत राहिली. तिच्या आठ्या हळूहळू गेल्या.

"गोदा?" तिने मला विचारलं.

मी हो म्हणालो. तिने हात धुतले नाहीत, पदराला पुसले, आणि पायात माझ्याच चपला सरकवून ती बाहेर पडली. मी खिडकीशी गेलो. दिवा तिच्या तोंडावरून उतरून रस्त्यावर आला होता आणि तिच्या पावलांपुढे, नाली चुकवत, समोरच्या दारापर्यंत चालला होता. त्या दारापाशी सोपानराव उभे होते. या वेळी त्यांनी "झोपली हाय" म्हटलं नाही, बाजूला झाले.

मागे तव्यावर भाकरी करपायला लागली होती. ती मीच उलटली.