टकटक झाल्याशिवाय पाणी नाही

एका जंगलात, मुलांनो, उंचावर एक तळं होतं. (मागे बसलेल्या टक्कल पडलेल्या मुलांनीही ऐका. गोष्ट तुमचीच आहे.)

तळ्याला बांध होता. बांधाला मोरी होती आणि मोरीच्या तोंडावर भलामोठा दगड होता. दगड उचलला की पाणी उतारावरून धावत सुटायचं आणि खालचे तिन्ही डोह भरायचे. दगड ठेवला की पाणी बंद. हे काम गजाभाऊ हत्तीकडे होतं.

सगळ्यात खालच्या डोहात टुणकाबाई नावाची बेडकी राहायची. अंगाने मूठभर, आवाजाने जंगलभर. डोह आटायला लागला की ती काठावर चढून ओरडायची, "गजाभाऊ, पाणी!"

"सोडलं गं!" म्हणत गजाभाऊ दगड उचलायचा.

झालं. एवढीच व्यवस्था. इतकी साधी की तिचं उद्घाटनसुद्धा करता येईना.

प्रधानजींना हेच खुपलं. प्रधानजी म्हणजे तरस. चेहरा सदा हसरा, पण कशाला हसतात ते कुणाला कळत नसे. नुकतेच ते एका लांबच्या जंगलाचा अभ्यासदौरा आटोपून आले होते. आल्या आल्या त्यांनी वाघमहाराजांपुढे सभा भरवली.

"महाराज, आपल्याकडे एक बेडकी ओरडते आणि हत्ती हलतो. बाहेर कळलं तर अब्रू जाईल आपली! ख्या ख्या ख्या!"

"मग काय करायचं म्हणता?" महाराजांनी जांभई दिली.

"यापुढे बगळा प्रत्येक डोहात एका पायावर उभा राहील. पाय किती भिजला ते पाहून बांधाजवळच्या पांढऱ्या खडकावर नोंद लिहील. लिहून झालं की सुतारपक्षी झाडावर चोच आपटेल. टकटक! ती ऐकून हत्ती खडक वाचेल आणि गरज असेल तरच दगड उचलेल. कुणी ओरडायला नको, कुणी डोहाकडे बघायला नको. सगळं आपोआप!"

'आपोआप' हा शब्द महाराजांना फार आवडला. आपल्या जेवणाचंही असं काही करता येईल का, असं त्यांनी विचारलं. हरणं सभेतून उठून गेली.

त्या वर्षी पावसाने दडी मारली. खालचा डोह आटत चालला. टुणकाबाईच्या पिल्लांना अजून पाय फुटले नव्हते. नुसतं डोकं आणि शेपटी. डोहातलं पाणी संपलं तर उडी मारून दुसरीकडे जायची सोय नाही. टुणकाबाईने सवयीने हाळी दिली, "गजाभाऊ, पाणी!"

वरून खाकरण्याचा आवाज आला. "बाई, आता ओरडून नाही व्हायचं गं. टकटक व्हायला हवी."

"कसली टकटक? माझी पोरं चिखलात लोळताहेत!"

"ते मला इथून दिसतंय. पण दिसलेलं धरायचं नाही, असा नियम आलाय."

टुणकाबाईने त्या नियमाला जे शब्द वापरले ते तुम्हाला सांगण्यासारखे नाहीत.

बगळा आला. तिन्ही डोहांत पाय बुडवून गेला. मग काळ्या चिखलात चोच बुडवून त्याने खडकावर लिहिलं, 'वरचा डोह भरलेला.' मग लिहिलं, 'मधला डोह भरलेला.' तेवढ्यात शेजारच्या ओहळात एक मासा चमकला. बगळा तो. गेला मासा धरायला.

सुतारपक्ष्याने पाहिलं, चोच थांबली. म्हणजे लिखाण संपलं. टकटक!

गजाभाऊने खडक वाचला. भरलेला, भरलेला. दगडाला हात लावायचं काम नाही. तो झोपला.

मासा गिळून बगळा परत आला आणि त्याने तिसरी ओळ लिहिली, 'खालचा डोह कोरडा.' तोवर टकटक होऊन गेली होती. ती एका नोंदीला एकदाच व्हायची.

टुणकाबाई चार उड्यांत बांधावर. "अहो प्रधानजी, अर्धं लिहिलेलं वाचून कुणी पाणी बंद ठेवतं का?"

"उत्तम सूचना! ख्या ख्या!" प्रधानजींना राग येत नसे, हीच त्यांची मोठी अडचण होती. "लगेच सुधारणा करू. यापुढे बगळा लिखाण संपवून शेवटी पंजाचा ठसा उमटवेल. ठसा दिसला तरच टकटक."

हे शहाणपणाचं होतं. टुणकाबाईलाही पटलं. प्रधानजी तिथेच थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ते प्रधान होते.

"आणि हो," ते म्हणाले, "झालेल्या प्रत्येक कामाची नोंद त्याच खडकावर झाली पाहिजे. टकटक हेसुद्धा एक कामच आहे. आणि टकटक ऐकली की हत्तीने हातातलं सगळं जागच्या जागी ठेवून पहिल्यापासून सुरुवात करायची. गोंधळ नको."

बगळ्याने तिन्ही ओळी नीट लिहिल्या. ठसा उमटवला. टकटक!

गजाभाऊने वाचलं, 'खालचा डोह कोरडा.' त्याने दगड उचलला. पाणी खळाळलं. टुणकाबाईने आनंदाने कोलांटी मारली.

तिकडे बगळ्याने लिहिलं, 'टकटक झाली.' खाली ठसा.

सुतारपक्ष्याला ताजा ठसा दिसला. टकटक!

गजाभाऊने दगड ठेवला. पहिल्यापासून सुरुवात. खडक वाचला, दगड उचलला.

बगळा, 'टकटक झाली.' ठसा. टकटक! दगड खाली. दगड वर. ठसा. टकटक! दगड खाली. दगड वर.

मोरीतून पाणी यायचं ते चूळ टाकल्यासारखं. वरच्या डोहालासुद्धा ते कळलं नाही, खालच्याला कुठून कळणार?

पण ताल काय झकास धरला होता! माकडं फेर धरून नाचायला लागली. एका अस्वलाच्या तर अंगात आलं. पोपटाने झाडाझाडावर जाऊन जाहीर केलं की असा वेग या जंगलाने कधी पाहिला नव्हता. प्रधानजी हसून हसून आडवे झाले. "बघा! पूर्वी आठवड्याला एकदा दगड हलायचा. आता थांबतच नाही!"

टुणकाबाई सुतारपक्ष्याच्या झाडाखाली गेली. "अरे बाबा, काय लिहिलंय ते वाच तरी!"

"मी ठसा बघतो, बाई. मजकूर माझ्या खात्यात येत नाही." टकटक!

ती बगळ्याकडे गेली. "तू तरी थांब!"

"टकटक झाली आणि लिहिलं नाही, तर पगार कापतील," बगळा मान वर न करता म्हणाला. 'टकटक झाली.' ठसा.

"गजाभाऊ!"

"बाई, माझी सोंड गळून पडायची वेळ आली." दगड खाली. "तुझी पोरं दिसताहेत मला." दगड वर. "पण हे बघ, झालीच!" दगड खाली.

शेवटी ती प्रधानजींच्या नाकासमोर जाऊन बसली. "बंद करा हे!"

"रीतसर तक्रार नोंदवा ना. खडक सर्वांना खुला आहे."

टुणकाबाईने चिखलात पाय बुडवून खडकावर लिहिलं, 'थांबा!' आणि संतापाने खाली आपला ठसा मारला.

टकटक!

मुलांनो, त्या क्षणी टुणकाबाईला एक गोष्ट समजली. या खडकावर काहीही लिहा, शिवी लिहा नाहीतर आरती लिहा, होणार एकच.

तिने खाली पाहिलं. डोहाच्या मधोमध ताटलीएवढं पाणी राहिलं होतं आणि त्यात काळ्या शेपट्यांची खिचडी वळवळत होती.

ती बांधावर धावली. गजाभाऊने दगड वर घेतला होता. टुणकाबाईने टुणकन उडी मारली आणि दगड जिथे टेकतो त्या खाचेत फतकल मारून बसली.

टकटक!

गजाभाऊ दगड ठेवायला वाकला आणि थबकला. "बाई, सरक!"

"नाही सरकत. ठेव माझ्या डोक्यावर! आणि मग बगळ्याला सांग, लिही म्हणावं, 'बेडकी चिरडून झाली.'"

"अगं, जीव जाईल!"

"खाली इतके जाताहेत, त्यात एक माझा."

गजाभाऊ तसाच उभा राहिला. दगड वरच. तो जागच्या जागी ठेवल्याशिवाय पहिल्यापासून सुरुवात करता येईना. पाणी टुणकाबाईच्या दोन्ही बाजूंनी सुसाट निघालं.

प्रधानजींचं हसू पहिल्यांदाच जरा आखडलं. "हत्ती! टकटक झाली आहे! दगड ठेव!"

"ठेवतो की," गजाभाऊ म्हणाला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं. "पण खाचेत बेडकी असेल तर काय करायचं, ते नियमात नाही. तेवढं खडकावर लिहून द्या."

"बगळा! लिही!"

बगळा चोच बुडवून खडकाकडे वळला. खडक या टोकापासून त्या टोकापर्यंत 'टकटक झाली, टकटक झाली' ने भरला होता. एका अक्षराला जागा नव्हती.

"पूस काहीतरी!"

"पुसल्याची नोंद कुठे करू?"

प्रधानजी नवा खडक मंजूर करून घ्यायला महाराजांकडे पळाले. महाराज आपोआप झोपले होते.

पाणी वाहत राहिलं. टुणकाबाईने डोळे मिटून घेतले होते. वर दगड, खाली धार. तिला डोह दिसत नव्हता.

"गजाभाऊ, पोचलं का रे?"

"मधल्या डोहावरून उतरलं."

"आता?"

"पोचलं, बाई."

"शेपट्या हलताहेत?"

गजाभाऊने सोंड ताठ धरून मान लांब केली. डोळे बारीक करून त्याने खालच्या डोहात पाहिलं.

"हलताहेत," तो म्हणाला. "पसरताहेत बघ सगळीकडे."

नवा खडक आला. त्यावर पहिली नोंद झाली, 'नव्या व्यवस्थेमुळे खालच्या डोहात विक्रमी पाणी.' तरसोजी प्रधानांचा सत्कार झाला. दुसरी नोंद झाली, 'मोरीच्या आसपास बेडक्यांना बंदी.' दोन्हींखाली ठसा होता.

तात्पर्य: मुलांनो, चांगल्या चाललेल्या व्यवस्थेच्या आड कधी येऊ नये. आड आलं की काम होतं. आणि कामं व्हायला लागली की लोकांना त्याचीच सवय लागते.