मामांची वेबसाइट, भाच्याची मालकी

कवळ्या बनवणाऱ्या मामांची वेबसाइट त्यांच्या हातून गेली. मात्र घरच्यांनी एकमताने ठरवल्याप्रमाणे असं काहीही घडलेलं नाही. आपणही तसंच धरून चालू.

आपली कवळी दुसऱ्याच्या तोंडात ठेवू नये, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. ठेवली, तर घास त्याचा आणि झीज आपली. मामांना हे पाठ होतं. दवाखान्याची किल्ली ते मामींच्याही हाती देत नसत. कुलूप लावून थोडं पुढे जात, मग परत येऊन ओढून बघत. (कुलपालाही सवय झाली होती, ओढल्याशिवाय त्याला करमत नसे.) वेबसाइट करताना मात्र बहिणीच्या मुलाने विचारलं, "मामा, मालक म्हणून नाव कुणाचं टाकू?" मामा एका पेशंटच्या जबड्याचं माप घेण्यात गुंतले होते. म्हणाले, "टाक रे तुझंच. तू काय परका आहेस?"

(मालमत्ता हस्तांतराचा याहून सुटसुटीत दस्तऐवज अद्याप निघालेला नाही.)

त्यानुसार नाव भाच्याचं, ईमेल भाच्याचा, पासवर्ड भाच्याच्या डोक्यात आणि मूळ फायली एका लॅपटॉपवर, जो भाच्याच्या आधीच्या मैत्रिणीकडे राहिला. मामांच्या वाट्याला फोटो आले. फोटोला कुणी पेशंट तयार होईना, म्हणून 'आधी' आणि 'नंतर' दोन्हींत मामाच: एकात बोळकं, दुसऱ्यात बत्तिशी.

सगळं सुरळीत होतं. मग भाच्याच्या होणाऱ्या सासऱ्यांसमोर मामा प्रेमाने म्हणाले, "याचे पुढचे दात जरा घोड्यासारखे आहेत, पण काळजी नको, मी आहे ना!"

घरी जाऊन भाच्याने वेबसाइटवर फक्त दोन शब्दांची अदलाबदल केली.

तेव्हापासून वेबसाइटवर 'आधी' मामा बत्तिशी दाखवून हसतात आणि 'नंतर' बोळक्याने. पेशंट आटले. आला तो एकच गृहस्थ, सासूबाईंना घेऊन. हळूच म्हणाला, "नंतर बोलता येत नाही ना?"

मामांनी पासवर्ड बदलायला घेतला. कोड भाच्याच्या फोनवर गेला. भाचा फोन उचलेना. मामांनी वेबसाइट कंपनीच्या मदत केंद्राला गाठलं.

"मालकाने स्वतः विनंती करावी लागेल, सर."

"अहो, मीच मालक! फोटो बघा माझा!"

पलीकडे कीबोर्ड खडखडला. "नोंदीनुसार आपण मालक नसून 'नंतर' आहात."

मामी म्हणाल्या, "अहो, जा आणि माफी मागा. भाचाच आहे."

"त्या पोरापुढे दातांच्या कण्या करू? मी?"

(कण्यांना हमी लागू नाही.)

शेवटी मामांनी राजमार्ग धरला. वेबसाइटच्या 'संपर्क' पानावर रीतसर अर्ज टाकला: 'सदर वेबसाइट मूळ मालकास परत करण्यात यावी.' उत्तर तत्काळ आलं: 'आपलं हसू, आमची जबाबदारी! मालक लवकरच संपर्क साधतील.' हे वाक्य मामांनीच सांगून लिहून घेतलं होतं. ते फोनजवळ बसून आहेत.

सबब, हे वाचून ज्यांचे दात दिसले, त्या सर्व व्यावसायिकांना नम्र विनंती करण्यात येते की, त्यांनी आपापल्या वेबसाइटचा पासवर्ड, कोणत्याही भाच्याला फोन न करता, आत्ताच्या आत्ता मनातल्या मनात म्हणून दाखवावा.