रंगराव मुंगसाचा गालिचा

एका जंगलात एक मुंगूस राहत असे. बसा मुलांनो, नीट मांडी घालून बसा. आणि मधेच ‘पुढे काय झालं’ म्हणून विचारायचं नाही. पुढचं पुढे येईल, ते कुठे पळून जात नाही.

तर या मुंगसाचं नाव रंगराव. बायकोचं नाव हौसाबाई. नाव हौसाबाई, पण घरातली हौस सगळी रंगरावांच्या वाट्याला आली होती. त्यांना तीन पिल्लं. सगळ्यात धाकटी चिमी.

त्यांच्या बिळाला दोन खोल्या होत्या. आतली स्वयंपाकाची, बाहेरची बसायची. बसायच्या खोलीत सोफा म्हणून बाभळीचा एक ओंडका होता. दोन दगड होते, त्यांना पाहुणे आले की खुर्च्या म्हणायचं. उरलेली जागा मुंगसाच्या पावलांनी नऊ बाय सात. त्या जागेत पिल्लं दुपारी आडवी होत. जमीन शेणाने सारवलेली आणि गार.

याच जमिनीवर रंगरावांच्या आजोबांनी चार साप मारले होते. वडिलांनी तीन. स्वतः रंगरावांनी एक मारला होता, तोही अर्धाच, कारण उरलेला अर्धा दाराबाहेर होता. पण मारला होता. त्यामुळे पिल्लं तिथे निर्धास्त झोपत.

एकदा अस्वलाच्या नव्या गुहेची वास्तुशांत झाली. रंगराव सहकुटुंब जेवायला गेले. अस्वलाच्या दिवाणखान्यात एक गालिचा होता. रंगरावांनी तो पाहिला आणि त्यांना जेवण गेलं नाही. हौसाबाईंनी दोनदा विचारलं, पोट बिघडलंय का. बिघडलेलं पोट नव्हतं.

घरी आल्यावर ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “हौसा, आपली जमीन उघडी दिसते.”

“जमीनच आहे ती. तिला काय परकर नेसवू?”

“लोक काय म्हणतील?”

“कोण लोक?”

रंगरावांना पटकन कोणाचं नाव आठवेना. तरी त्यांना लाज वाटायची ती वाटलीच.

“माझ्या आईची गोधडी आहे,” हौसाबाई म्हणाल्या. “ती अंथरा. पोरांनाही मऊ होईल.”

रंगरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की गोधडीचा विषय तिथेच संपला.

त्या जंगलात घरं सजवण्याचा सल्ला टिटवीबाई देत. टिटवीला स्वतःचं घर नसतं, हे तुम्हाला माहीत असेलच. ती उघड्या माळावर चार खडे बाजूला सारते आणि अंडी घालते. म्हणून तर तिला दुसऱ्यांच्या घराकडे लक्ष द्यायला वेळ मिळतो.

टिटवीबाई आल्या. लांब पायांनी खोलीत इकडून तिकडे गेल्या. तीन पावलांत खोली संपली. मान वाकडी करून त्या म्हणाल्या, “अगबाई!”

एवढ्यानेच रंगराव अर्धे झाले.

“ऐका,” टिटवीबाई म्हणाल्या. “लहान खोलीत लहान गालिचा घालायचा नाही. पापडावरच्या फोडासारखा दिसतो. मोठा घ्यायचा. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर, मागचे जमिनीवर. आणि चहूबाजूंनी एकेक पाऊल जमीन मोकळी दिसली पाहिजे.”

“म्हणजे आत्ता दिसते तशीच ना?” हौसाबाईंनी विचारलं.

“आत्ता दिसते ती उघडी. मग दिसेल ती मोकळी.”

“ओंडक्याला पाय नाहीत हो,” रंगराव हळूच म्हणाले.

“मग लावा!”

म्हणून आधी ओंडक्याला पाय लावले. मग माळावरच्या मेंढ्यांकडून गालिचा आला. शुद्ध लोकर, रंग सायीचा. टिटवीबाई म्हणाल्या, फिका रंगच घ्यायचा, गडद रंग गावंढळ दिसतो. दोन रानडुकरांनी मुसंड्या मारून ओंडका उचलला आणि पुढचे पाय गालिच्यावर टेकवले. दगडही तसेच, निम्मे आत, निम्मे बाहेर. काम झाल्यावर डुकरं निघून गेली. आता तो ओंडका मुंगसाच्याने हलण्यातला राहिला नाही.

रंगरावांनी घरात नियम केले. गालिच्यावर खायचं नाही. गालिच्यावर पळायचं नाही. ओल्या पायांनी यायचं नाही. कोरड्या पायांनीही शक्यतो यायचं नाही.

“मग आम्ही झोपायचं कुठे?” चिमीने विचारलं.

“एक पाऊल जमीन ठेवलीय की चहूबाजूंनी!”

पिल्लं त्या कडेच्या पट्टीवर एकामागे एक झोपू लागली. एकीच्या शेपटीपाशी दुसऱ्याचं नाक. कूस बदलायची तर तिघांनी ठरवून बदलायची. हौसाबाई हे बघत आणि भांडी जरा जोरात ठेवत.

रानमांजर येऊन गालिचा बघून गेलं. दोन ससे आले, ते दारातूनच बघून गेले, कारण त्यांचे पाय आठ होते आणि सगळे चिखलाचे. जो तो म्हणाला, “वा!” रंगरावांची छाती फुगली.

आठव्या दिवशी गालिचाही फुगला.

मधोमध नाही, ओंडक्याच्या जरा अलीकडे. रंगरावांनी पायाने दाबून पाहिलं. फुगवटा सरकून दुसरीकडे गेला. आणि मुलांनो, रंगरावांच्या अंगावरचे केस उभे राहिले. शेपटी बाटल्या घासायच्या कुंच्यासारखी झाली. मुंगसाला हे शिकवावं लागत नाही.

“नाग आहे,” ते म्हणाले.

“अग्गंबाई! मग मारा की!” हौसाबाई म्हणाल्या.

“मारतो.”

रंगरावांनी गालिच्याकडे पाहिलं. तो सायीच्या रंगाचा होता. मग त्यांनी आपल्या नखांकडे पाहिलं. ती बरीच धारदार होती. त्यांची शेपटी हळूहळू बारीक झाली. ते कडेला गेले आणि वाकून अदबीने बोलले.

“अहो, ऐकलंत का? जरा बाहेर येता?”

“कशाला?” खालून आवाज आला.

“मारायचं आहे तुम्हाला.”

“मग इथेच मारा.”

“इथे नको. डाग पडेल.”

फुगवटा एकदा इकडे सरकला, एकदा तिकडे सरकला. नाग बहुधा विचार करत होता.

“मग मी इथेच बरा आहे,” तो म्हणाला. “ऊब छान आहे. ओंडक्याचे पुढचे पाय वर ठेवलेत ना, त्याने वारासुद्धा आत शिरत नाही. काम करणाऱ्याला जाण आहे.”

तुम्ही म्हणाल, आयत्या बिळावर नागोबा. छे! बिळात त्याला काडीचा रस नव्हता. तो आयत्या गालिच्याखाली होता.

रंगरावांनी पुन्हा टिटवीबाईंना बोलावलं. त्यांनी फुगवट्याभोवती एक फेरी मारली.

“साप आहे,” रंगराव म्हणाले.

“ते दिसतंय मला. लहान खोलीत नजर ठरायला एक जागा लागतेच. फक्त त्यांना म्हणावं, जरा डावीकडे सरका.”

नाग डावीकडे सरकला. स्वभावाने तो वाईट नव्हता. साप होता, एवढंच.

डावीकडे पिल्लांची पट्टी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लं झोपली होती. हौसाबाई आत अंडी फोडत होत्या. सहज बाहेर डोकावल्या तर गालिच्याच्या कडेखालून नागाचं डोकं बाहेर आलेलं. चिमीच्या नाकापासून बोटभर अंतरावर. चिमी श्वास सोडी आणि नागाची जीभ तो श्वास चाटून आत जाई.

हौसाबाईंनी तिथूनच झेप घेतली. नाग चटकन आत गेला. हौसाबाईंनी गालिच्याची कड दातांत धरली आणि मागचे पाय रोवून ओढायला लागल्या. एक धागा निघाला. दुसरा निघाला.

आणि रंगराव मध्ये येऊन उभे राहिले. अंगावरचे सगळे केस ताठ, शेपटी फुगलेली, दात विचकलेले. आजोबा चार सापांपुढे जसे उभे राहिले होते तसे ते बायकोपुढे उभे राहिले.

“सोड!” ते ओरडले. “धागे निघतायत!”

हौसाबाईंनी कड सोडली.

“माझं पोर त्याच्या तोंडाशी होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पाहिलंत. डोळ्यांनी पाहिलंत तुम्ही. आणि तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहिलात?”

“त्याच्या बाजूने नाही गं. गालिच्याच्या बाजूने.”

“त्याला काय कळणार आहे हो हा फरक?”

रंगराव निघालेले धागे परत आत खोचू लागले. खालून नागच म्हणाला, “वहिनी, वाद नको. माझं वारूळ रिकामंच पडलंय. तिथे जा हवं तर. जमीन साधी आहे, पण गार आहे.”

हौसाबाईंनी चिमीला मानेला धरून उचललं. बाकीची दोघं मागून चालू लागली. जाताना त्या दोघांनीही सवयीने गालिच्याला वळसा घातला, एवढं मात्र रंगरावांना बरं वाटलं.

दिवस गेले. घरात रंगराव आणि नाग दोघेच. रंगराव रोज सकाळी गालिचा झाडत. नाग आतून सांगे, “उजव्या कोपऱ्यात थोडी धूळ राहिलीय.” रंगराव ती काढत. तुम्ही शाळेत साप-मुंगसाच्या वैराचं वाक्य करून आणता ना? ते वैर या खोलीत संपलं. अस्वलाने सभा घेऊन दोघांना नारळ दिला. मोठमोठ्या ऋषींना जे साधलं नाही ते लोकरीने साधलं, असं तो भाषणात म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सभेतून परतताना रंगराव वारुळाकडे वळले. हातात नारळ होता.

पिल्लं जमिनीवर लोळत होती. तिघं तीन दिशांना, कोणाचा पाय कोणाच्या पोटावर. सगळ्यांच्या अंगाला माती लागलेली. चिमी झोपेतच उताणी झाली आणि तिने मनसोक्त कूस बदलली.

“घरी चला,” रंगराव म्हणाले.

“नाग गेला का?” हौसाबाईंनी विचारलं.

“नाही.”

“गालिचा?”

“असं काय विचारतेस!”

“मग बसा,” हौसाबाई म्हणाल्या. “पाणी आणते.”

नवऱ्याला कोणी असं म्हणत नाही, मुलांनो. असं पाहुण्याला म्हणतात. रंगरावांना ते कळलं. त्यांना फार रडावंसं वाटलं. ते चारही पाय जमिनीवर टेकून बसले. जमीन खरंच गार होती. ते पाणी प्यायले. चिमीच्या डोक्यावर हात ठेवायला ते वाकले, तेवढ्यात त्यांना आठवलं की सभेच्या गडबडीत आज गालिचा झाडायचा राहिलाय आणि ऊन उतरत चाललंय.

“येतो,” ते म्हणाले.

“या,” हौसाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी टिटवीबाई बिळात आल्या. या वेळी त्यांनी खोली पुन्हा मोजली. तीन पावलं तीनच भरली. तरी त्या मधोमध थांबल्या, मान वाकडी करून चारी भिंतींकडे बघत राहिल्या आणि फार खूष झाल्या.

“रंगराव,” त्या म्हणाल्या, “काय हो, खोली केवढी मोठी वाटायला लागली!”

रंगरावांनीही चारी भिंतींकडे पाहिलं.

“हो,” ते म्हणाले. “फार मोठी वाटते.”

तात्पर्य: बसायची खोली लहान असली तरी गालिचा मोठाच घ्यावा. त्याला जागा कमी पडली तर घरातली माणसं आपणहून कमी होतात.