बाबांच्या भिंतीवरचा चंद्र

तुम्हाला म्हणून सांगतो, चंद्राचा फोटो काढावा तर मीच! पंचवीस वर्षं पासपोर्ट फोटो काढतोय. "हनुवटी खाली, हसू नका" असं म्हणून भल्याभल्यांचा पुतळा केलाय. चंद्राचं काय घेऊन बसलात? तो तर जागचा हलतही नाही!

हलतो. चांगलाच हलतो. पहिल्याच संध्याकाळी कळलं.

निमित्त बाबांचं. आमचा स्टुडिओ त्यांनीच उभा केलेला. आता मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेत आणि खिडकीसमोर शेजारच्यांची भिंत. एकदा म्हणाले, "चंद्र बघून किती दिवस झाले रे!" मी छाती ठोकून सांगितलं, "तुमच्यासमोर आणून लावतो! बीजेच्या कोरेपासून बाराही पौर्णिमांपर्यंत!"

वर्षभर गच्चीवर स्टँड वाहिला. उन्हाळ्यातला तांबूस चंद्र, थंडीतला लख्ख, पावसाळ्यातला तर ढगांच्या हातापाया पडून मिळवलेला. तोवर बाबा निम्मे झाले. परवा डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं. "आता दिवसच मोजायचे," म्हणाले. मी धावत घरात आलो आणि बायकोला सांगितलं, "सगळे चंद्र एका मोठ्या कागदावर घे, आजच छापायला पाठव!"

स्टुडिओतलं टचिंग, म्हणजे फोटोतल्या चेहऱ्यांवरचे डाग पुसणं, तीच करते. बाबांनीच शिकवलेलं, आणि नियमही त्यांचाच: आपल्या दुकानातून डागाळलेला चेहरा बाहेर जाता कामा नये!

छापून आलेली गुंडाळी मी थेट बाबांसमोरच उलगडली, भिंतीवर लावली. आणि बघतो तर काय, सगळे चंद्र गुळगुळीत! कोर म्हणजे कापलेलं नख, पौर्णिमा म्हणजे शर्टाचं बटण!

"अगं, डाग कुठं गेले?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"काढले की! दुपारभर तेच करत होते. किती होते मेले!"

"आणि मूळ फोटो?"

"त्यांच्यावरच सेव्ह केलं."

मी कागद उतरवायला पुढे झालो.

बाबा भिंतीकडे टक लावून बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेले रे. आता डोळेही गेले माझे. एक डाग दिसत नाही."

गप्प बसलो असतो तर अब्रू वाचली असती. पण राहवलं नाही. "बाबा, तुमचे डोळे शाबूत आहेत. डाग आम्हीच पुसलेत."

"पुसलेत?" वर्षभरात उठून न बसलेला माणूस कोपरावर उठला! "गाढवांनो! तीळ कुठला, मुरूम कुठला, एवढंही कळत नाही? असलं काम माझ्या दुकानाच्या नावावर? पुन्हा काढ! पहिल्यापासून!"

"बाबा... वर्ष लागेल."

"लागू दे. मला कुठं गाडी पकडायचीय?"

बायको तोंडावर हात दाबून खोलीबाहेर गेली. मी मुकाट्याने स्टँड उचलला आणि गच्ची गाठली. आभाळ गच्च भरलेलं, चंद्राचा पत्ताच नाही. तरी तासभर तसाच उभा राहिलो. खाली जाऊन त्यांना काय सांगू, तुम्हीच सांगा!